हाफीज ड्रायव्हरला गाडी लागली

माझ्या सासऱ्यांना पौडच्या बाजारात कुनी नुसतं हाफीज म्हनत न्हाई. हाफीज ड्रायव्हर म्हनतात. एसटीतनं रिटायर होऊन कैक वर्सं झाली, पन ती पदवी काय सुटली न्हाई, आन् त्यांनी ती सुटू बी दिली न्हाई. अजून सकाळी अंघोळ झाली की खाकी पँट चढवायची, चहाचा कप घेऊन दारात उभं राहायचं आन् रस्त्यावरनं जाईल त्या गाडीला नावं ठेवायची. "ह्यो बघ, क्लचवर पाय ठेवूनच चाललाय. ह्याला लायसन दिलं कुनी?" मी आतनं कांदा चिरता चिरता म्हनते, "अब्बा, तुमच्या हातात असतं तर आख्ख्या मुळशीत तुमच्याबिगर कुनाला लायसनच मिळालं नसतं." तर म्हनतात, "मंग काय!"

खोटं कशाला बोलू, मानूस ड्रायव्हर म्हून सोन्यासारखा. ताम्हिणीच्या घाटात धुकं असं की बोनेट दिसू नये, त्यातनं त्यांनी उभी नोकरी गाडी काढली. त्यांच्या चाकाखाली कोंबडी बी आली न्हाई, ही गोष्ट आमच्या घरी जेवताना भाकरीसंगट वाढली जाती. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यातच मला ती पाठ झाली व्हती.

पन दोन खोडी. एक म्हंजे गाडी लागनाऱ्या मानसांचा लई राग. घाटात कुनी खिडकीतनं मान बाहेर काढली की ह्यांचं डोकं फिरायचं. "पोटात दम न्हाई तर घरी बसावं की. कच्ची मानसं समदी!" दुसरी खोड म्हंजे मागं बसायचं न्हाई. कुनाच्याच. वरातीची जीप असो, भाच्याची मोटार असो, हे पुढंच बसनार आन् वाटभर ब्रेक समजून पायानं पत्रा दाबत राहनार. दोन चाकी असली तर हँडल ह्यांच्याच हातात. माझी सासू रहिमतबी मागं, हे पुढं. त्यात कधी बदल झाला न्हाई.

आन् मंग डोळ्याचं झालं.

काचबिंदू. पुन्याच्या डॉक्टरनी दिवे लावून, ठिपके दाखवून समदं तपासलं आन् सांगितलं, काका, तुम्हाला समोरचं दिसतंय, कडेचं दिसत न्हाई. गेलेली नजर परत येत नसती, हाय ती थेंब टाकून सांभाळायची. गाडी मात्र आजपासून बंद. अब्बांनी थेंब ऐकलं आन् गाडी ऐकली न्हाई. दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढून दूध आनायला गेले! सुंभ जळलं तरी पीळ जात न्हाई, ते असं. एकदा भाजीवाल्या सारजाबाईच्या मेथीच्या ढिगातनंच स्कूटर नेली आन् वर तिलाच म्हनाले, "रस्त्यात कशाला बसतीस?" ती बिचारी रस्त्यात न्हवतीच, कडंला व्हती. कडंला हायेत तेवढ्या मानसांचं आता खरं न्हाई, हे आमाला त्या दिवशी कळलं.

अम्मीचं तर जगनंच अवघड झालं. स्कूटर गेली की ती जपमाळ घेऊन उंबऱ्यावर बसायची आन् आवाज परत आला की मगच उठायची. मी भांडून बघितलं. मी दोनदा चाकातली हवा सोडली. तर हे स्कूटर ढकलत पंक्चरवाल्याकडं गेले आन् हवा भरून, माझ्याकडं बघत, परत आले. सुनेनं सासऱ्याला किती बोलायचं, त्याला बी काही हद्द असती. अनिस, माझा नवरा, तो तर बापासमोर तोंड उघडत न्हाई. मला मातुर रात्री ऐकवायचा, "समीना, काय तरी कर." मी काय करू? बाप कुनाचा?

तर अशात अनिसला गाडी घ्यायची व्हती.

अनिस मारुंजी, जांबे त्या बाजूच्या सोसायट्यांच्या लिफ्ट दुरुस्त करतो. ह्या बिल्डिंगीतनं त्या बिल्डिंगीत दिवसभर पळापळ. गाडी लागतीच. पन साधी गाडी घेईल तर तो अनिस कसला! त्याला कॉलेजपासनं स्पोर्ट बाईकचं येड. मोबाईलवर तेच बघायचं. दोन पसंत केल्या व्हत्या, एक लाल, एक निळी, आन् त्या दोघींची तुलना मला जेवताना ऐकावी लागायची. लालचं पिकअप असं, निळीचं ब्रेक तसं. लालचं हँडल खाली, निळीचं जरा वर. मी फोटो बघितला. लाल गाडीची मागची सीट एवढीशी आन् आभाळात. मी म्हनले, "ह्याच्यावर बसून बायकोनं काय करायचं? उंटावरून शेळ्या हाकायच्या?" तर हसला नुसता. लाल त्याच्या डोळ्यात भरली व्हती, ते काय मला कळत न्हवतं व्हय?

भुकूमच्या शोरूमात विकास कामाला हाय. धरनाच्या वरच्या अंगाच्या वाडीतला, अनिसचा शाळेतला दोस्त. तो म्हनाला, रविवारी या, दोन्ही गाड्या पिरंगुटच्या घाटापर्यंत चालवून बघा, वळनावर चालवल्याशिवाय गाडी कळत न्हाई. हे अब्बांच्या कानावर गेलं.

"गाडी घ्यायची आन् मला इचारलं बी न्हाई?" अब्बा खाटेवरनं उठले. "दोन्ही गाड्या मी चालवून बघनार. मला पसंत पडंल तीच दारात येईल."

अनिस म्हनाला, "बरं अब्बा."

बरं अब्बा! माझ्या हातातलं लाटनं तसंच राहिलं. मी त्याला स्वैपाकघरात ओढून नेलं. "अरे, तुझं डोकं ठिकानावर हाय का? त्यांना मेथीचा ढीग दिसत न्हाई, आन् तू त्यांना वाऱ्यासारखी गाडी देतोस? घाटात?"

"अब्बांना न्हाई कोन म्हननार?"

"तू म्हननार! हँडल दिलंस तर घरी येऊ नकोस."

तो गप राहिला. त्याचं गप राहनं म्हंजे व्हय न्हाई, न्हाई बी न्हाई. रविवारी सकाळी बापलेक एसटीनं गेले. अब्बांनी धुतलेली खाकी पँट घातली व्हती आन् चेहरा असा, जनू मुलगी बघायला चाललेत. अम्मीनं जपमाळ घेतली. उंबऱ्यावर जाऊन बसली.

मी कामाला लागले, पन हात चालत न्हवते. डाळीत मीठ दोनदा पडलं. दुपार कलली तवा फोन वाजला. विकास.

"वहिनी, घाबरू नका," तो म्हनाला. असं म्हनल्यावर मानूस पहिल्यांदा घाबरतं. "चाचांना गाडी लागली. घाटात. अनिस त्यांना धरून बसलाय. तुमी येता का? येताना एक टॉवेल आन् सदरा-पायजमा आना, हे कपडे समदे खरा..."

फोन कटला. परत लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. घाटात एका वळनाला रेंज असती आन् दुसऱ्याला नसती.

 गाडी लागली. कपडे आना. कपडे खराब झालेत. कशानं खराब झालेत ते इचारायचं माझ्यात बळ न्हवतं, आन् इचारायला फोन बी न्हवता. अम्मीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आन् उठून उभी राहिली.

"काय झालं?"

"अब्बांना गाडी लागली म्हनतोय विकास."

"कुनाची गाडी?"

"म्हायती न्हाई."

"जिवंत हायेत न्हवं?"

"धरून बसलाय म्हनाला अनिस."

अम्मी रडली न्हाई. आत गेली, कपाट उघडलं आन् ईदचा पांढरा सदरा काढला. मी म्हनले, "अम्मी, हा कशाला? जुना घ्या." तर म्हनाली, "असू दे." तिच्या मनात काय व्हतं ते मला कळलं, आन् मी तोंड दुसरीकडं केलं.

देवू पान्याचे जार पोचवतो, त्याचा टेम्पो नाक्यावर उभाच व्हता. त्यानं जार तसेच ठेवून गाडी काढली. आमी दोघी पुढं त्याच्याशेजारी दाटून बसलो. अम्मी सदरा छातीशी धरून. पिरंगुटला रविवारची गर्दी. देवू जपून चालवत व्हता, तर अम्मी ओरडली, "पळव की रे देवू! बैलगाडी हाकतोस का?" उभ्या जन्मात मी तिचा असा आवाज ऐकला न्हवता. मी मनात अनिसला शिव्या देत व्हते. हँडल दिलंच ना. एवढं सांगून दिलंच ना बापाच्या हातात. आन् शिव्या देता देता दुवा मागत व्हते, या अल्ला, हात-पाय मोडला तरी चालंल, एवढा मानूस परत दे. दारात उभं राहून गाड्यांना नावं ठेवायला कुनी तरी पाहिजे.

घाट लागला. दुसऱ्या वळनावर मला आधी लाल रंग दिसला. गाडी उभी व्हती. नीट, स्टँडवर, ओरखडा न्हाई. तिच्यामागं निळी, ती बी उभी. मला वाटलं, म्हंजे दुसऱ्याच कुनी तरी ठोकलं. देवूनं टेम्पो थांबवायच्या आधी अम्मी उतरली.

अब्बा झाडाखाली दगडावर बसले व्हते. तोंड धुतलेलं, केस ओले, सदरा पुढनं घान झालेला आन् गालात लिंबाची फोड. अनिस मागनं पाठ चोळत व्हता.

अम्मीनं त्यांचं डोकं चाचपलं, हात चाचपले, गुडघे दाबून बघितले. "अवो, कुटं लागलं? कुटं लागलंय तुमाला?"

"कुटं न्हाई," अब्बा लिंबू चोखत म्हनाले.

"मंग गाडी लागली म्हनाला त्यो?"

"लागली."

"कुनाची?"

अब्बा वर बघंनात. अनिस हळूच म्हनाला, "अम्मी, गाडी लागली म्हंजे... उलटी झाली. दोनदा."

 मंग देवू टेम्पोच्या चाकाजवळ खालीच बसला आन् पोट धरून हसायला लागला. अम्मीनं टॉवेल उचलला आन् विकासला हानला. "मेल्या! असं सांगत्यात व्हय रे? गाडी लागली म्हनं! हितं माझा जीव गेला असता!"

विकास मार चुकवत म्हनाला, "मंग काय सांगायचं चाची? उलटी झाली तर गाडी लागली असंच म्हनत्यात की! आमच्या वाडीत बी तसंच म्हनत्यात!"

"आन् कपडे कशाला मागितले?"

"बघा की कपडे!"

जीव भांड्यात पडतो म्हनतात ना, तो माझा टनकन आवाज करून पडला. मी बी हसले. इतकी हसले की डोळ्यातनं पानी. हाफीज ड्रायव्हरला गाडी लागली! पिरंगुटच्या घाटात, ज्याला ते घाट बी म्हनत न्हाईत! उद्या पौडात कळलं की चार दिवस बाजार ह्याच्यावर चालनार. अम्मी बी हसत व्हती आन् हसता हसता अब्बांच्या खांद्यावर टॉवेलानं मारत व्हती. अब्बा टेम्पोच्या आडोशाला जाऊन कपडे बदलून आले. पांढरा ईदचा सदरा, खाली खाकी पँट. पायजमा घातलाच न्हाई.

आन् त्यांना तसं येताना बघून माझं हसू एकदम थांबलं.

घाटातली लहान पोरं बी ही गोष्ट सांगतील. जो चालवतो त्याला गाडी लागत न्हाई. कधीच न्हाई. लागती ती मागं बसनाऱ्याला.

"अब्बा," मी म्हनले, "तुमी मागं बसला व्हता?"

अब्बांनी लिंबाची साल लांब फेकली. अनिस जमिनीकडं बघायला लागला. मला वाटलं अनिसनं एकदाचं तोंड उघडलं, बापाला न्हाई म्हनला. पन तसं न्हवतं.

"लाल गाडीवर मीच बसलो व्हतो," अब्बा म्हनाले. "शोरूमच्या दारात. चालू केली. झ्याक आवाज. डावा आरसा बघितला, कुनी न्हाई. क्लच सोडनार, तेवढ्यात एक बाई पुढनं गेली. कडेवर लेकरू. डावीकडनंच आली असनार, दुसरीकडनं वाटच न्हाई. आरशात न्हवती. डोळ्यात बी न्हवती. एकदम चाकापुढंच उगवली."

"काय झालं न्हाई, वहिनी," विकास घाईनं म्हनाला. "गाडी हलली बी न्हवती."

"हलली न्हवती, पन हलनार व्हती," अब्बा म्हनाले. "तिला कळलं बी न्हाई. गेली आपली चालत." त्यांनी दोन्ही हात खाकी पँटला पुसले. "आख्खी नोकरी मी कुनाला खरचटू दिलं न्हाई. मंग मी गाडी बंद केली. अनिसला म्हनलो, तू धर. मी मागं बसतो."

अनिसचे डोळे भरून आले व्हते. मला म्हनाला, "मी हँडल दिलं व्हतं, समीना. न्हाई म्हनता आलं न्हाई मला."

त्या वेळी मी त्याला बोलायला पाहिजे व्हतं. तोंडाशी आलेलं बी व्हतं. पन अम्मी अब्बांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"एवढं कमी दिसतंय तर मला का न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? हाफीज ड्रायव्हरला दिसत न्हाई म्हनू?" अब्बांचा आवाज बारीक झाला. "हँडल गेलं की काय राहिलं माझं? मागं बसलेला मानूस म्हंजे नुसतं ओझं."

"व्हय?" अम्मी म्हनाली. "मी लगीन झाल्यापासनं तुमच्या मागं बसते. मी ओझं व्हते?"

अब्बा बघतच राहिले तिच्याकडं. आमी समदेच. खालनं एक ट्रक चढत आला, हॉर्न वाजवत गेला.

"न्हाई," अब्बा शेवटी म्हनाले.

"मंग झालं तर."

एवढंच. मी दोनदा हवा सोडली, भांडले, गयावया केली, आन् अम्मीनं दोन वाक्यांत मिटवलं.

देवू जार पोचवायचे म्हून घाई करायला लागला. मी म्हनले, "चला अब्बा, टेम्पोत बसा. पुढं बसा. खिडकीजवळ."

"थांब," अब्बा म्हनाले. "अजून निळी राहिलीय. एकच गाडी बघून घर गाठायचं, ही कुटली रीत?" ते अनिसकडं वळले. "ती लाल पळायला लई भारी हाय. तुझ्या मनात तीच हाय, ते मला ठाव हाय. पन ब्रेक मारलास की मी तुझ्या पाठीवर, सोडलास की मी आभाळात. कुटं धरायचं तेच कळंना. एकटा असशील तर घे. बरं वाटंल मला."

अनिसनं लाल गाडीकडं एकदा बघितलं. नीट बघितलं. मंग किल्ली विकासच्या हातात दिली आन् निळीची मागून घेतली. "एकटा न्हाई," तो म्हनाला.

"परत लागली तर?" मी इचारलं.

"लागू दे की. लिंबू हाय अजून," अब्बा म्हनाले.

निळीची मागची सीट खाली व्हती, रुंद व्हती, मागं धरायला दांडी व्हती. अब्बांनी तिच्यावर हात दाबून बघितला, दांडी हलवून बघितली, मंग अम्मीच्या खांद्याला धरून टांग टाकली. हेल्मेट घातलं. अनिसनं गाडी चालू केली, पन पुढं काढंना. पाय टेकवून बसून राहिला. बापाला मागं घेऊन निघायची त्याला सवय न्हवती, आन् समोर बाप नसला की त्याला हुकूम कुनाचा तेच कळंना.

"अब्बा, सोडू का?" त्यानं मान न वळवता इचारलं.

अब्बा ताठ बसले. त्यांनी डावीकडं मान पूर्न वळवली, रस्ता बघितला. उजवीकडं वळवली, बघितला. मंग बोटाच्या पेरानं अनिसच्या हेल्मेटवर वाजवलं, टन्, टन्.

डबल बेल. कंडक्टरनं ती दिल्याबिगर एसटीचा ड्रायव्हर गाडी जागची हलवत न्हाई.

अम्मीनं पदर तोंडाला लावला. मला बी आवरलं न्हाई, आन् का आवरू? अनिसनं गिअर टाकला, आन् माझे सासरे लेकाच्या मागं बसून घाट उतरून गेले.